लिलावाचा कागद : जपानहून ऑकलंडला एक फील्डर

४ ऑगस्ट २०२४, रविवार

आई-बाबांची डिसेंबरची तिकिटं आज काढली. बाबांच्या गुडघ्यांमुळे व्हीलचेअर बरोबर येणार, आणि आमच्या आताच्या छोट्या गाडीच्या डिकीत ती कशीही ठेवली तरी झाकण लागत नाही. शेजारच्यांची व्हीलचेअर मागून आणून पाहिली. म्हणजे नोव्हेंबर संपायच्या आत स्टेशन वॅगन दारात हवी.

इथल्या जुन्या गाड्यांच्या यार्डातून पुन्हा घ्यायची नाही, हे मी आणि ह्यांनी जेवतानाच ठरवून टाकलं. २०१९ मध्ये एका यार्डातून घेतलेली गाडी वरून आरशासारखी होती. अडीच वर्षांनी वॉरंट ऑफ फिटनेसच्या तपासणीला लिफ्टवर चढवली, तर मागच्या चाकांच्या वर पत्रा पार पोखरलेला. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर गेला आणि गाडी भंगारात गेली. ती जपानच्या लिलावातूनच आलेली होती आणि प्रत्येक लिलावातल्या गाडीचा तपासणीचा एक कागद असतो. तो मागायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. त्या कागदावर गंज लिहिलेला असणार, आणि मी तो न वाचता सही केली. ते पैसे ह्यांच्या रात्रपाळ्यांचे होते. म्हणून या वेळी पहिल्या दिवसापासून वही.

गाडी ठरली : टोयोटा कोरोला फील्डर हायब्रिड, २०१५ च्या एप्रिलनंतरची, कारण तेव्हापासून तिच्यात समोरची टक्कर टाळणारी यंत्रणा मिळू लागली. दीड लिटरचं इंजिन, मागची सीट दोन भागांत वेगवेगळी पडते. कागदोपत्री इथल्या दोन अटी आधी तपासल्या. २०२० च्या १ मार्चपासून इथे येणाऱ्या कुठल्याही जुन्या प्रवासी गाडीत ईएससी, म्हणजे घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा, असावीच लागते. आणि धूर जपानच्या २००५ च्या मानकात बसायला हवा. मॉडेल कोडच्या आधीची तीन अक्षरं ते सांगतात. फील्डर हायब्रिडची आहेत डीएए : पहिलं डी म्हणजे २००५ च्या मर्यादेपेक्षा ७५ टक्के कमी प्रदूषण, मधलं ए म्हणजे हायब्रिड.

येनचा भाव मात्र मनासारखा नाही. जुलैच्या सुरुवातीला एका न्यूझीलंड डॉलरला ९८ च्या आसपास येन मिळत होते. ३१ जुलैला बँक ऑफ जपानने व्याजदर वाढवला, येन वधारला, आणि आता भाव ८८ च्या आत आलाय. तीच गाडी महिन्याभरात हजार डॉलरने महाग झाली. थांबायला वेळ नाही. ८८ धरूनच गणित मांडते.

१० ऑगस्ट, शनिवार

एजंट ठरवला. जपानच्या लिलावात बाहेरच्या माणसाला बोली लावता येत नाही. सभासद लागतो, आणि सभासद व्हायला पोलिसांकडून मिळणारा जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा परवाना लागतो. त्यामुळे आपल्या हातात उरतं ते एवढंच : कोणती गाडी आणि कितीपर्यंत. बोटं दुसऱ्याची चालतात. तिघांशी बोलले. एकाने "कागद आम्ही बघतो, तुम्ही काळजी करू नका" म्हटलं, त्याला तिथेच नाही म्हणाले. ज्याने मूळ जपानी कागद स्कॅन करून पाठवायचं कबूल केलं आणि बोली लागली नाही तर अनामत परत, असं लिहून दिलं, त्याला हजार डॉलर अनामत दिली.

पुढच्या आठवड्यात ओबोनची सुट्टी, लिलाव बंद. आपल्याकडच्या पितृपक्षासारखं, पूर्वज घरी येतात असं मानतात आणि सगळा देश गावी जातो. तेवढ्यात कागद वाचायला शिकते.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, वांगी घेताना चार वेळा उलटून बघतेस तू, आणि गाडी फोटोवर घेणार?" मी म्हटलं, आई, वांग्याला कागद नसतो.

२२ ऑगस्ट, गुरुवार

आज पहिला कागद हातात आला आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या जपानी मैत्रिणीबरोबर बसून अक्षर न् अक्षर लावला. सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढच्या प्रत्येक कागदाला हेच लागणार.

वर उजव्या कोपऱ्यात एकूण गुण. नव्यासारखी गाडी एस किंवा ६, मग ५, ४.५, ४, ३.५, ३ असं उतरत जातं. अपघातानंतर सांगाडा दुरुस्त केलेल्या गाडीला आर किंवा आरए. आतल्या सीट, छत, डॅशबोर्ड यांना वेगळं अक्षर, ए पासून खाली. साल जपानी राजवटीचं असतं : हेइसेईच्या आकड्यात १९८८ मिळवायचे, रेइवाच्या आकड्यात २०१८. हेइसेई २९ म्हणजे २०१७.

खाली गाडीचा उघडून पसरलेला नकाशा, घडीचा डबा उलगडावा तसा. त्यावर तपासनीस हाताने खुणा करतो. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, बी म्हणजे पोचा आणि ओरखडा दोन्ही, डब्ल्यू म्हणजे दुरुस्ती करून रंगवलेला भाग, एस म्हणजे गंज, सी म्हणजे गंजाने खाल्लेला पत्रा. पुढे १, २, ३. आकडा मोठा तशी जखम मोठी. एक्सएक्स म्हणजे तो भाग बदललेला आहे.

आणि सगळ्यात खाली तपासनिसाची हस्ताक्षरातली टीप. खरी गोष्ट तिथे असते. आजची गाडी गुण ४, आत बी, ४६,००० किलोमीटर, रंग पांढरा, नकाशावर तीन-चार ए१ सोडले तर काही नाही. मला ती आवडलीच होती. मैत्रिणीने खालच्या ओळीवर बोट ठेवलं : "शितामावारी साबी, फुशोकु." खालच्या बाजूला गंज, पोखरलेलं. मग तिने नोंदणीचं ठिकाण दाखवलं : निईगाता. तिथे हिवाळाभर बर्फ आणि रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ. ते मीठ खालून पत्र्याला लागतं. गुण मात्र ४ च, कारण वरची गाडी खरंच सुंदर होती.

पाच वर्षांपूर्वीचं सगळं एका ओळीत समजलं. ती ओळ त्या गाडीच्या कागदावरही असणार.

आजपासून नियम : होक्काइदो, तोहोकु आणि जपान समुद्राच्या बाजूच्या बर्फाळ भागातल्या गाड्या बघायच्याच नाहीत, कितीही स्वस्त असोत.

२९ ऑगस्ट, गुरुवार

शानशान चक्रीवादळ आज क्युशूला धडकलं. मैत्रिणीचे आईवडील फुकुओकाजवळ असतात, ती दिवसभर फोनवरच होती. तिला कागद दाखवायला नेले नाहीत.

पाण्याचा विषय निघालाच तर नोंदवते : पूर आला की काही आठवड्यांनी पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या लिलावात येतात. प्रामाणिक लिलावघर कागदावर "कान्सुई" लिहितं. हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते, म्हणजे पाणी आधी तिथेच. क्युशूच्या गाड्या आता काही महिने नकोत.

५ सप्टेंबर, गुरुवार

पहिली बोली, आणि हुकली. आमची कमाल मर्यादा ९,३०,००० येन, गाडी ९,७४,००० ला गेली. एजंट म्हणाला, अजून पन्नास हजार वाढवले असते तर मिळाली असती. नाही वाढवले, बरं झालं. मर्यादा कशी काढली ते इथेच मांडते, म्हणजे पुढच्या वेळी मन डळमळलं तर हे पान उघडता येईल.

बोली हा खर्चाचा फक्त एक भाग. तिच्यावर लिलावघराची फी, एजंटचं कमिशन, लिलावघरापासून बंदरापर्यंत ट्रक, निर्यातीची कागदपत्रं, धुलाई आणि उष्णतेची प्रक्रिया : सगळं मिळून १,६५,००० येन धरले. जहाजाचं भाडं आणि विमा १,४८,०००. मग इथे पोचल्यावर या सगळ्या बेरजेवर १५ टक्के जीएसटी. निव्वळ गाडीच्या किमतीवर नव्हे, भाड्यासकट. हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही आणि शेवटी खड्डा पडतो. सीमाशुल्क मात्र नाही. पुढे बंदर आणि जैवसुरक्षेच्या फिया, मग कॉम्प्लायन्स, म्हणजे इथल्या रस्त्याला लायक असल्याचा दाखला, मग नंबर प्लेट. २०२३ पासून आणखी एक ओळ वाढलीय : गाडीच्या कार्बन उत्सर्जनाप्रमाणे आयात करणाऱ्याला दंड लागतो किंवा जमा मिळते. बोलीच्या आधी ही ओळ तपासायलाच हवी. मोठ्या पेट्रोल गाडीचा सगळा फायदा इथेच निघून जातो. फील्डरसारख्या छोट्या हायब्रिडला दंड बसत नाही.

९,३०,००० च्या बोलीला दारात गाडी साधारण १७,८०० डॉलर. तशाच गाडीला इथले यार्डवाले वीस हजारांच्या आसपास मागतात. फरक दोन हजारांचा. त्यातून दुरुस्तीला हजार बाजूला ठेवायचे. मर्यादेच्या वर गेलं तर हा सगळा खटाटोप फुकट.

७ सप्टेंबर, शनिवार

गणेश चतुर्थी. आज गाडीचं काही नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मिळाली.

क्रमाने लिहिते. काल संध्याकाळी एजंटने चार कागद पाठवले, चारही यूएसएस टोकियोचे. हे लिलावघर नावाला टोकियोचं, प्रत्यक्षात चिबा प्रांतातल्या नोदा गावी. दर गुरुवारी दहा हजारांच्या वर गाड्या. एकेका गाडीचा फैसला अर्ध्या मिनिटाच्या आत आणि अनेक रांगा एकाच वेळी चालू. तिथे विचार करायला वेळ नसतो, विचार आदल्या रात्रीच करून ठेवावा लागतो.

दोन कागद बर्फाचे. एकावर "सोकोफुमेई", किलोमीटरचा आकडा खरा की खोटा माहीत नाही. चौथा : हेइसेई २९ चा ऑक्टोबर, हायब्रिड जी, चंदेरी, ५७,९०० किलोमीटर, नोंदणी कानागावाची, गुण ४, आत बी. शाकेन, म्हणजे त्यांची सक्तीची तपासणी, या ऑक्टोबरला संपतेय. नवी गाडी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी शाकेनला न्यावी लागते आणि तिचा खर्च भरपूर, म्हणून मुदत संपायच्या महिना-दोन महिने आधी माणसं गाडी विकून टाकतात. विकण्याचं कारण सरळ दिसत होतं, हे मला आवडलं.

आवडलं नाही ते एक : उजव्या मागच्या दारावर एक्सएक्स आणि त्याच्या मागच्या पत्र्यावर डब्ल्यू२. दार बदललंय, शेजारचा भाग दुरुस्त केलाय. बाजूने कुणीतरी धडकलंय. तरी गुण ४ आणि "शूफुकुरेकी", दुरुस्तीचा इतिहास, या रकान्यात "नाही". मैत्रीण म्हणाली, यात खोटेपणा नाही. जपानी नियमात बोल्टने बसणारे भाग, म्हणजे दारं, बोनेट, पुढचे मडगार्ड, बदलले तर तो अपघाताचा इतिहास धरत नाहीत. खांब, चासी, फ्लोअर, छत यांना हात लागला तरच धरतात. प्रश्न एवढाच की धक्का खांबापर्यंत पोचला होता की नाही. डब्ल्यू२ त्याच्या अगदी शेजारी.

जादा पैसे भरून तिथल्या माणसाकडून आज सकाळी गाडी पाहून घेतली. काय पाहायचं ते सांगायला मिरजेच्या दादाला फोन लावला. त्याचं गॅरेज पंचवीस वर्षांचं. तिथे पहाटेचे साडेपाच झालेले. झोपेतून उठून म्हणाला, "रंगाला भुलू नकोस. मागच्या दाराच्या चौकटीचं रबर ओढून काढायला सांग. रबराखाली कंपनीचे स्पॉट वेल्डचे ठिपके असतात, बारीक गोल खळगे, एका ओळीत, सारख्या अंतरावर. ते दिसले तर खांब तसाच आहे. तिथं सपाट लागलं, पुट्टी लागली, की सोडून दे."

दोन तासांनी फोटो आले. पहिला बिजागरीचा. बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडालेला, म्हणजे दार उघडून बदललं, कागद बरोबर. दुसरा रबराखालचा. मोठा करून पाहिला. पत्र्याच्या कडेवर छोटे छोटे खळगे, तांदळात बोट टेकवून उठवावेत तसे, वरपासून खालपर्यंत एकाच अंतरावर, आणि त्यांच्यात साचलेली सात वर्षांची काळी धूळ. नवीन काम असतं तर धूळ अशी बसली नसती. दादाला पाठवला. त्याचं उत्तर : "घे."

संध्याकाळी पावणेसहाला, तिथे पावणेतीन, निरोप आला : ९,१२,०००. मर्यादेच्या आत अठरा हजार येन. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी होते. ह्यांना फोन केला तेव्हा माझा आवाज कापत होता.

१७ सप्टेंबर, मंगळवार

पूर्ण पैसे पाठवले. बँकेने दोनदा विचारलं की ज्याला पाठवताय त्याला ओळखता का. बरोबरच विचारलं. खातं एजंटच्या नोंदणीकृत कंपनीच्या नावाचं आहे ना, हे मी स्वतः पडताळून मगच पाठवले. जहाजावर गाडी चढली की तक्रारीला जागा उरत नाही, तेव्हा जे बघायचं ते आताच.

दादाचा फोन. गॅरेजमध्ये आता सगळ्यांना ही गोष्ट माहीत झालीय. विचारत होता, इकडे भारतात अशी आणता येईल का? सांगितलं, जुनी गाडी तीन वर्षांच्या आतलीच चालते, तीही मुंबई बंदरातूनच, आणि कर इतका की नवी परवडते. इथलं उलट आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी न्यूझीलंडने जुन्या जपानी गाड्यांना दार उघडलं. दोन्हीकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे काही बदलावं लागत नाही. १९९८ मध्ये गाड्यांवरचं आयातशुल्क गेलं आणि त्याच वर्षी इथले गाड्या जोडणारे कारखाने बंद पडले. थेम्स गावच्या टोयोटा कारखान्यात त्यानंतर नव्या गाड्या जोडण्याऐवजी जपानहून आलेल्या जुन्या गाड्या नीट करायला घेतल्या. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कारखाना बंद पडला तरी माणसांच्या हातात पाने राहिले म्हणायचं."

३० सप्टेंबर, सोमवार

निर्यातीचं प्रमाणपत्र आलं. जपानमधली नोंदणी रद्द झाल्याचा सरकारी कागद, आणि माझ्यासाठी लिलावाच्या कागदाइतकाच मोलाचा. यावर शेवटच्या दोन शाकेनच्या वेळचे किलोमीटर छापलेले असतात, शंभरांत. ऑक्टोबर २०२० : २४,१००. ऑक्टोबर २०२२ : ४२,३००. आता ५७,९००. वर्षाला आठ-नऊ हजार, आणि शेवटच्या दोन वर्षांत किंचित कमी. कुठेही उडी नाही, कुठेही मागे नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

योकोहामाला गाडी धुऊन, तपासून, तापवून झाली. तापवून हा शब्द खराच आहे. सप्टेंबर ते एप्रिल या काळात जपानहून निघणाऱ्या गाड्या बंद जागेत गरम करतात, ६० अंशांना दहा मिनिटं किंवा ५६ ला अर्धा तास, आणि सगळ्यात थंड कोपराही तेवढा तापला पाहिजे. हे सगळं एका किड्यासाठी. तपकिरी ढेकणासारखा, ढालीच्या आकाराचा, चिरडला की उग्र वास मारणारा. पूर्व आशियातला हा किडा थंडी पडू लागली की उबेला गाडीच्या फटींत शिरून झोपतो आणि इथे उन्हाळ्यात जागा होतो. किवी, सफरचंद, द्राक्षं, सगळ्यांचा रस शोषतो. न्यूझीलंडमध्ये तो अजून वसलेला नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत जपानहून आलेल्या गाड्यांच्या जहाजांवर तो सापडला, तेव्हा जहाजंच्या जहाजं माल न उतरवता बंदराबाहेर काढली होती.

या प्रक्रियेचे पैसे द्यायला मला जराही जड गेलं नाही. ह्यांचा मित्र टे पुकेला किवीच्या बागेत काम करतो. द्राक्षावर रोग पडला की तासगावकडे काय होतं ते मी लहानपणी आजोळी पाहिलंय.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. जहाज काल ऑकलंडला लागलं. ह्यांनी ओवाळणीत पाकीट दिलं, त्यावर लिहिलेलं : टायर.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

बंदरावरची तपासणी पार पडली. जैवसुरक्षावाल्यांनी मागच्या सीटच्या फटीतून वाळलेलं गवताचं बी काढलं, व्हॅक्यूम पुन्हा मारायला लावला, त्याचे वेगळे पैसे. सांगाड्याच्या तपासणीत खूण नाही. मला भीती होती ती याचीच. उजव्या बाजूला खूण पडली असती तर वेगळा दुरुस्ती-प्रमाणक गाठावा लागला असता आणि डिसेंबर हातचा गेला असता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉम्प्लायन्सला नापास, पहिल्या फेरीत. दोन गोष्टी :

डावीकडच्या पुढच्या लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचं रबर फाटलेलं. ग्रीस बाहेर आलेलं.

मागचे दोन टायर. नक्षी पुरेशी होती, पण बाजूला बारीक भेगा. टायरवरचा चार आकडी शिक्का पाहिला : ३६१७, म्हणजे २०१७ चा छत्तिसावा आठवडा. गाडीबरोबर कंपनीतून आलेले तेच टायर, सात वर्षं.

दोन्ही मिळून ४६० डॉलर. कागदावर यातलं काही नव्हतं, आणि तो कागदाचा दोषही नाही. लिलावाचा तपासनीस गाडी उचलून प्रत्येक रबर दाबून बघत नाही, थोड्याच वेळात पुढच्या गाडीकडे जातो. कागद पत्रा, रंग, आकडा आणि गंज सांगतो. रबर, टायर, ब्रेकचे पॅड सांगत नाही. त्यासाठीच हजार बाजूला ठेवले होते.

त्याच मेकॅनिककडून गाडी वर असताना खालून पाहून घेतली. टॉर्च माझ्या हातात. मागच्या चाकांच्या वर, जिथे जुन्या गाडीत बोट आरपार गेलं होतं, तिथे कंपनीचा काळा लेप तसाच. सायलेन्सरच्या जोडावर थोडा तांबडा रंग, तेवढा सगळीकडे असतो. मी उगाचच दोनदा हात फिरवला.

मग मागच्या दाराचं रबर ओढून पाहिलं. खळगे तिथेच होते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

नंबर प्लेट लागल्या, गाडी घरी. इथे येणाऱ्या जपानी गाड्यांना सतरा अक्षरी व्हीआयएन नसतो, त्यांचा आपला छोटा चासी नंबर असतो, म्हणून इथे नवा देतात, ७एटी ने सुरू होणारा. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आईने व्हिडिओवरून हळद-कुंकू लावायची जागा सांगितली.

एकूण खर्च १८,०२० डॉलर, नव्या टायरसकट.

गाडी चालू केली की जपानीत एक बाई बोलतात. मैत्रिणीला ऐकवलं : टोलचं कार्ड घातलेलं नाही, असं सांगतेय. ते यंत्र काढून टाकायला हरकत नाही, इथे त्याचा उपयोग नाही. रेडिओला मात्र काम आहे. जपानचा एफएम ७६ पासून सुरू होतो आणि इथल्या बहुतेक वाहिन्या त्याच्या वरच्या टोकाच्या पुढे असल्याने लागतच नाहीत. बँड एक्सपांडर नावाची छोटी डबी मिळते, ती अँटेनाच्या वायरीत जोडायची. बाबांना सकाळी बातम्या लागतात, तेव्हा हे आधी.

मागच्या सीटशेजारी हायब्रिड बॅटरीच्या पंख्याची जाळी असते. ती उघडली. आत फिक्या पिवळ्या केसांचा थर, नक्की कुत्र्याचे. ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ केली. हवा अडली की ही बॅटरी तापते आणि आयुष्य घटतं. हायब्रिड घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात ही जाळी उघडावी, पाच मिनिटांचं काम आहे.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत एक छोटा स्टिकर सापडला, तेल बदलल्याचा. रेइवा ६, मार्च, ५४,२१०. प्रमाणपत्रातला शेवटचा आकडा आणि लिलावाच्या कागदावरचा आकडा यांच्या मधला. निळ्या पेनाने, नीट, सावकाश काढलेले आकडे. कानागावातल्या कुठल्यातरी घराने ही गाडी सांभाळलीय, त्यात कुत्रा बसायचा, आणि विकायच्या सहा महिने आधीही त्यांनी तेल बदललं. त्या घराबद्दल मला मनापासून माया वाटली.

तो स्टिकर काढला नाही. माझा त्याच्या खाली लावला : ५८,०४०.

३० नोव्हेंबर, शनिवार

शेजारच्यांची व्हीलचेअर पुन्हा आणली. मागच्या सीटचा डावा, लहान भाग पाडून ती मिटलेली उभी, कडेला टेकून आत गेली. चाकं काढावी लागली नाहीत. उजव्या बाजूला दोन माणसं बसायला जागा उरली, शिवाय दोन बॅगा. दार बंद करून मी आत बसले, ह्यांनी बाहेरून दोन फेऱ्या मारल्या. खुर्ची हलते, आवाज करते. पट्टा हवा.

उरलेली कामं :
बँड एक्सपांडर : मागवला, मंगळवारी येतोय.
व्हीलचेअरला पट्टा, मागच्या हुकांना बांधायचा.
पुढच्या काचेवरचा खडीचा टिपका भरून घेणे.
बाबांची उंची आणि सीटची उंची : उतरताना धरायला दाराच्या वर मूठ आहे, पण गुडघे किती वाकतात ते दादाला मोजून पाठवायला सांगितलंय.
विमान ११ डिसेंबरला, दुपारी अडीच. मी दीडला निघते.